'तुझं लक्ष नाहीये कामात': एका वन-ऑन-वनचं प्रकरण

पार्श्वभूमी

यंत्रं विकून त्यांची पुढची देखभाल-दुरुस्तीही करणाऱ्या एका कंपनीत मी एचआरमध्ये होते, तेव्हाचं हे प्रकरण: एका मॅनेजरचं आणि त्याच्या हाताखालच्या को-ऑर्डिनेटरचं वन-ऑन-वन, म्हणजे दोघांतच होणारं बोलणं. दोघांची नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणात क्रमालाच महत्त्व आहे.

सर्व्हिस डेस्कवर नऊ को-ऑर्डिनेटर होते. ग्राहकाचा फोन आला की कॉल लॉग करायचा, मशीनचा मॉडेल नंबर आणि बिघाडाचं वर्णन लिहायचं, कोणता स्पेअर लागेल त्याचा अंदाज घ्यायचा आणि इंजिनिअर पाठवायचा. लांबून बघणाऱ्याला हे नुसतं फोन उचलण्याचं काम वाटतं. पण इंजिनिअरच्या बॅगेत बरोबर पार्ट असणार की नाही, हे या खुर्चीत बसलेला माणूस ठरवतो. नोंदीतला एक रकाना रिकामा राहिला, तर इंजिनिअर तासन् तास प्रवास करून हात हलवत परत येतो आणि ग्राहकाचं मशीन बंदच राहतं.

या डेस्कवर आठ वर्षं काढलेली एक को-ऑर्डिनेटर होती. अडलेला कॉल शेवटी तिच्याकडेच जायचा. नवीन मुलं शंका विचारायला तिच्याच टेबलाशी उभी असायची. सहा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसलेला सहकारी डेस्कचा मॅनेजर झाला. दोघं अगदी अरे-तुरेतले. मॅनेजरच्या जागेसाठी तिनेही अर्ज केला होता. निकाल लागल्यावर तिला एक ओळीचा ईमेल गेला: या वेळी तुमची निवड झालेली नाही. तो ईमेल आमच्या विभागातूनच गेला होता.

अडचण

नवा मॅनेजर आल्यावर चार महिन्यांत तिच्या अकरा नोंदी अपुऱ्या निघाल्या. बहुतेकींत मॉडेल नंबर नव्हता. इंजिनिअर चुकीचा पार्ट घेऊन पोचायचे आणि ग्राहकाचा दुसऱ्यांदा फोन यायचा. आठ वर्षांत तिच्या नावावर असं कधी झालं नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच मॅनेजरने पहिल्या तीन-चार वेळा काहीच म्हटलं नाही. नोंदी तो स्वतःच दुरुस्त करत राहिला. 'होतं कधी कधी' असं मनाशी म्हणायचा, असं त्याने मला नंतर सांगितलं. खरं कारण पुढे बोलण्याच्या ओघात निघालं. कालपर्यंत शेजारी बसणाऱ्या, आपल्यापेक्षा अनुभवी असलेल्या आणि हीच जागा मागितलेल्या सहकाऱ्याला चूक कशी दाखवायची, हे त्याला सुचत नव्हतं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी एक मोठा ग्राहक फोनवर त्याला नको नको ते बोलला. फोन ठेवून तो उठला आणि तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिन काचेची, डेस्कच्या बरोबर समोर. घरी जायच्या तयारीत असलेले बाकीचे आठही जण आत काय चाललंय ते बघत होते.

त्याचं पहिलं वाक्य होतं, "गेले काही महिने तुझं लक्ष नाहीये कामात. सगळ्यांना जाणवतंय."

तिने विचारलं, "सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कोणीच काही बोललं नव्हतं. सावरण्यासाठी तो म्हणाला, "तसं नाही गं, तू तर आमची सगळ्यात अनुभवी आहेस, म्हणून तर तुझ्याकडून जास्त अपेक्षा." तिने "बरं, बघते मी" एवढंच म्हटलं आणि ती बाहेर आली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

सोमवारपासून ती अगदी नियमावर बोट ठेवून काम करायला लागली. प्रत्येक ईमेलची कॉपी मॅनेजरला. बारीकसारीक गोष्टीसाठीही लेखी परवानगी. नवीन मुलं टेबलाशी आली की "मॅनेजरना विचारा". दोन आठवड्यांत नवीन मुलांच्या चुका वाढल्या आणि मॅनेजरचा अर्धा दिवस तिचे ईमेल वाचण्यात जायला लागला. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. दुसऱ्या विभागात बदलीसाठी काय करावं लागतं, एवढंच विचारलं. तक्रार एका शब्दाची नाही. माझा या प्रकरणाशी संबंध आला तो इथे.

पहिलं बोलणं का बिघडलं

वेळ चुकली, जागा चुकली, आवाज चढला, ही कारणं कोणीही सांगेल, आणि ती खरी आहेत. पण तेच वाक्य त्याने मंगळवारी सकाळी बंद खोलीत हळू आवाजात म्हटलं असतं, तरी ते तितकंच लागलं असतं असं मला वाटतं.

मॅनेजरने पाहिलं होतं ते एवढंच: अकरा नोंदींत रकाना रिकामा. 'लक्ष नाहीये' हा त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष, आणि त्याने तिच्यापुढे ठेवला तो नुसता निष्कर्ष. दुसऱ्याची चूक दिसली की तिचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीत शोधत नाही. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीला मूलभूत आरोपण-दोष म्हटलं. स्वतःची चूक असली की मात्र आपल्याला परिस्थिती लख्ख दिसते.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले: ६०७ निष्कर्ष, एकूण २३ हजारांहून अधिक निरीक्षणं. सरासरी पाहता फीडबॅकने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांनी सुचवलेलं स्पष्टीकरण असं: ऐकणाऱ्याचं लक्ष हातातल्या कामावरून उडून 'मी कशी आहे' या प्रश्नाकडे वळलं, की फीडबॅकचा उपयोग घटत जातो. हा अभ्यास मी वाचला होता, प्रशिक्षणाच्या स्लाइडवरही टाकला होता. तो डोळ्यांसमोर घडताना मात्र पहिल्यांदा पाहिला. 'लक्ष नाहीये' ऐकल्यावर ती मॉडेल नंबरचा विचार करत नव्हती. आठ वर्षांच्या कामाची ही किंमत, एवढंच तिच्या मनात होतं. शेवटी केलेल्या कौतुकाने तर जखमेवर मीठ चोळलं. तिच्या कानाला ते कौतुक वाटलंच नाही, पळवाट वाटली.

'सगळ्यांना' या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तो मी फार ऐकते. एकट्याच्या मताला वजन यावं म्हणून माणूस तो वापरतो. ऐकणाऱ्याला मात्र त्या क्षणापासून डेस्कवरचा प्रत्येक चेहरा संशयास्पद वाटायला लागतो. ती नवीन मुलांना मदत करायची थांबली, त्यामागे हा एक शब्द होता.

विचारात घेतलेले पर्याय

मॅनेजरला मी बोलावलं तेव्हा तो स्वतःच खचलेला होता. आम्ही दोघांनी बसून पर्याय मांडले.

अप्रेझल तीन महिन्यांवर होतं, तोवर थांबायचं हा पहिला. तो लगेच बाद झाला. आधीच चार महिने साठवलेलं एका संध्याकाळी बाहेर पडलं होतं, त्यात आणखी तीन महिन्यांची भर कशाला?

दुसरा, अकरा नोंदींची यादी ईमेलने पाठवायची. मॅनेजरला हा बरा वाटत होता, समोरासमोर बसावं लागणार नव्हतं. पण त्या वातावरणात असा ईमेल तिने कारवाईची पहिली पायरी म्हणूनच वाचला असता. शिवाय ईमेलमधून आकडे पोचतात, 'काय झालं होतं?' हा प्रश्न पोचत नाही.

तिसरा, बदली देऊन टाकायची. विभागप्रमुखांचा कल इकडे होता. त्यात डेस्कवरचं सगळ्यात अनुभवी माणूस जात होतं, आणि नोंदी का अपुऱ्या राहिल्या हे तरीही कळलं नसतंच.

चौथा माझा. तिघांनी बसायचं, मी मध्यस्थ. मी त्यावर बराच जोर दिला. मॅनेजर म्हणाला, "तुम्ही बसलात की ती बोलणार नाही. आणि मी तिच्याशी बोलायच्या ऐवजी तुमच्याकडे बघून बोलेन." त्याचं बरोबर होतं. एचआरचा माणूस खोलीत आला की बोलण्याला चौकशीचा वास येतो, मग मनात काही असो वा नसो.

राहिला पाचवा: त्याने स्वतः पुन्हा बसायचं, आणि सुरुवात पहिल्या बोलण्यापासून करायची. त्याला माफी मागायची भीती नव्हती. त्याची भीती वेगळी होती: "मी चुकलो म्हटलं, तर नोंदींबद्दल बोलायचा अधिकारच राहणार नाही मला." ही शंका मला फार प्रामाणिक वाटली. आम्ही ठरवलं की दोन्ही गोष्टी बोलायच्या, पण वेगवेगळ्या. माफी बोलण्याच्या पद्धतीबद्दल. ती पूर्ण करायची, मध्ये 'पण' आणायचा नाही, आणि थांबायचं. नोंदींचा विषय त्यानंतर.

तयारी

मी त्याला एक कोरा कागद दिला आणि तिच्याबद्दल जे वाटतं ते सगळं लिहायला सांगितलं. त्याने भराभर लिहिलं: निष्काळजी. ओनरशिप नाही. अॅटिट्यूड बदलला. प्रमोशनचा राग. मग प्रत्येक शब्दापुढे मी एकच प्रश्न विचारला, "हे कॅमेऱ्यात दिसलं असतं का?" एकेक शब्द खोडला गेला. कागदावर शेवटी उरल्या त्या नोंदी.

त्या अकरा नोंदी त्याने तारीख-वेळेसकट काढल्या, तेव्हा त्याचा त्यालाच धक्का बसला. सात नोंदी सोमवारच्या होत्या, सकाळी नऊ ते साडेदहामधल्या. चार महिने तो या नोंदी एकेक करून दुरुस्त करत होता, पण सगळ्या शेजारी-शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

त्याचा अंदाज असा की सोमवारी ती उशिरा येत असेल आणि घाईत काम उरकत असेल. हा अंदाज बोलून दाखवायचा का, यावर आमचा थोडा वाद झाला. मी ठाम नाही म्हटलं. अंदाज सांगितला की समोरच्याला तो खोडण्यातच वेळ घालवावा लागतो. प्रश्न मोकळा ठेवला तर काय उत्तर येईल ते आपल्याला माहीत नसतं, आणि तेच तर हवं होतं. मांडणीसाठी सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची ओळखीची पद्धत घेतली: प्रसंग, वर्तन, परिणाम, आणि मग समोरच्याचा त्यामागचा विचार काय होता ते विचारणं. बरेच जण पहिल्या तीन पायऱ्या घोकतात आणि चौथी गाळतात. चौथी गाळली की उरतं ते आरोपपत्र, फक्त भाषा सभ्य.

आधी कळवायचं की नाही, हाही प्रश्न होता. 'जरा बोलायचंय' एवढाच निरोप मिळाला तर माणसाला रात्रभर झोप लागत नाही. मॅनेजरने आदल्या दिवशी मेसेज केला: "उद्या अकराला अर्धा तास बसूया, मागच्या मीटिंग रूममध्ये. त्या शुक्रवारबद्दल मला आधी काही सांगायचंय. नंतर तीन नोंदी एकत्र बघू." अकराऐवजी तीनच, कारण अकरा कागद टेबलावर मांडले की ती सुनावणी होते.

दुसरं बोलणं

या भेटीत मी नव्हते. दोघांनी मला नंतर वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जवळपास जुळलं.

तो तिच्या समोर न बसता टेबलाच्या एकाच बाजूला बसला, लॅपटॉप दोघांना दिसेल असा. म्हणाला, "त्या दिवशी मी 'सगळ्यांना जाणवतंय' म्हणालो. कोणीही काही म्हणालं नव्हतं. ते माझं एकट्याचं होतं. आणि काचेच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर बोललो. चुकलं माझं." ती काही बोलली नाही. तोही थांबला.

मग पहिली नोंद उघडली. "सोमवार, नऊ वीस. मॉडेल नंबरचा रकाना रिकामा आहे. इंजिनिअर पोचला तेव्हा पंप वेगळ्याच मॉडेलचा निघाला. मशीन आणखी दोन दिवस बंद राहिलं. ही नोंद करताना काय चाललं होतं?"

शांतता. त्याने मनात आकडे मोजले. ती शांतता भरून काढायची फार इच्छा झाली होती, असं तो म्हणाला.

ती म्हणाली, "तू मॅनेजर झाल्यावर तुझी सोमवारची यादी कोणाकडे गेली, माहितीये तुला?"

त्याला माहीत नव्हतं. सुटीच्या दिवसांत व्हॉइसमेल आणि ईमेलवर साचलेले कॉल सोमवारी सकाळी उपसायचे, हे सहा वर्षं त्याचं काम होतं. बढती मिळाली, तो केबिनमध्ये गेला आणि ती यादी डेस्कवर तशीच पडून राहिली. ती कोणी घ्यायची, हे कोणी ठरवलंच नाही. पहिल्या सोमवारी फोन खणखणत होते, म्हणून तिने उचलली. दुसऱ्या सोमवारी सगळ्यांनी ती तिचीच धरली. एकीकडे चालू फोन, दुसरीकडे साचलेली यादी. मॉडेल नंबर नंतर भरू म्हणून ती पुढे सरकायची.

"मग सांगायचं ना मला."

"काय सांगायचं? तू म्हणाला असतास, जागा मिळाली नाही म्हणून कुरकुरतेय."

तो मला म्हणाला की हे ऐकून तो गप्प झाला, कारण त्याच्या कागदावर 'प्रमोशनचा राग' हे शब्द खरोखरच होते. खोडलेले, पण होते.

मग आला तो क्षण, ज्याबद्दल मी पुढे अनेक मॅनेजरांशी बोलले. त्याला म्हणावंसं वाटलं, "मग तुझी काहीच चूक नाही." अपराधी वाटत असलं की माणूस असा सगळाच हिशोब सोडून देतो. पण अकरांपैकी चार नोंदी सोमवारच्या नव्हत्या, आणि निवडलेल्या तिनांतली तिसरी त्यातली होती. त्याने ती उघडली. "ही गुरुवारची आहे, दुपारची. त्या दिवशी यादी नव्हती." ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही माझी. ग्राहकाला नंबर सापडत नव्हता, मी इंजिनिअरला म्हटलं, जाऊन बघ. सवय लागली तशी."

माझ्या मते ती भेट इथे उभी राहिली. सोमवारची यादी त्याची जबाबदारी, हे त्याने मोकळेपणाने घेतलं, म्हणून गुरुवारची नोंद तिला घेता आली. आणि त्याने ती उघडलीच नसती, तर तिच्या लेखी तो फक्त समजूत काढायला आलेला माणूस उरला असता.

ठरलेलं तिने स्वतःच्या अक्षरात एका कागदावर लिहिलं. सोमवारची यादी दोघांत वाटायची, आणि दुसरा माणूस तयार होईपर्यंत अर्धी यादी मॅनेजरने स्वतः करायची. मॉडेल नंबरशिवाय इंजिनिअर पाठवायचा नाही. ग्राहकाला नंबर सापडत नसेल तर नेमप्लेटचा फोटो मागवायचा आणि नोंदीत तसं लिहायचं. सहा आठवडे दर गुरुवारी पंधरा मिनिटं बसायचं. शेवटची ओळ तिची मागणी होती: काही खटकलं तर दोन दिवसांच्या आत सांगायचं, साठवायचं नाही.

एक विषय तसाच राहिला. नवीन मुलांना पुन्हा शिकवशील का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "आत्ता नाही." त्याने धरून बसायचं टाळलं. तेव्हा मला ते कच्चं वाटलं, कारण डेस्कचं खरं नुकसान तिथेच होत होतं. आज वाटतं की त्याचा अंदाज माझ्यापेक्षा बरा होता. नोंदी हा तिच्या कामाचा भाग होता. शिकवणं तिच्या कामात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते तिने आपणहून दिलेलं होतं, आणि आपणहून दिलेलं मागून मिळत नाही.

निष्पत्ती

पुढच्या सहा आठवड्यांत तिच्या दोन नोंदी अपुऱ्या निघाल्या. दोन्ही वेळा तो त्याच दिवशी तिच्या टेबलाशी जाऊन बोलला, दोन-दोन मिनिटं.

पूर्ण डेस्कचा आकडा मात्र आधी वाढला. विभागप्रमुखांनी मला बोलावून विचारलंही, "हे काय सुधारणं झालं?" वाढीचं कारण असं की इतर को-ऑर्डिनेटर पूर्वी परस्पर मिटवून टाकायचे त्या चुका आता सांगायला लागले होते. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात औषधांच्या चुकांची नोंद चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत जास्त आढळली होती. तिथे लोक चुका लपवत नव्हते. हे मी प्रमुखांना सांगितलं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी वाट बघितली आणि तिसऱ्या महिन्यात आकडा खाली आला.

सगळं सुरळीत झालं नाही. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यातली गुरुवारची भेट मॅनेजरने रद्द केली, दोन्हीदा कामाच्या गडबडीमुळे. सहाव्या आठवड्यात तिने स्पष्ट सांगितलं, "तिसऱ्यांदा रद्द केलीस तर मी ही भेट धरणार नाही." तो त्या भेटीला गेला. ठरवलेली भेट रद्द करणं हादेखील समोरच्याला दिलेला फीडबॅकच असतो. त्याला ते तिच्याकडून कळलं, आणि तिला ते बोलावंसं वाटलं हे मी चांगलं लक्षण मानलं.

नवीन मुलांना शिकवायला ती दोन महिन्यांनी तयार झाली, एका अटीवर: आठवड्याचे दोन तास तिच्या कामात अधिकृत धरायचे. ते मंजूर करून घेण्यासाठी मॅनेजरला वरपर्यंत भांडावं लागलं. सात महिन्यांनी तिने प्रशिक्षण विभागात बदली मागितली आणि ती मिळाली. दोघांमधलं अरे-तुरे कायम राहिलं, पण पूर्वीसारख्या गप्पा परत आल्या नाहीत. एक अनुभवी माणूस डेस्कवरून गेलं, हे नुकसान मी नुकसान म्हणूनच मांडते.

काय वेगळं करता आलं असतं

मॅनेजरच्या बाजूने सांगायचं तर पहिली अपुरी नोंद दिसली त्या दिवशी तिच्या टेबलाशी जाऊन "हा नंबर राहिलाय, काय झालं?" एवढं विचारणं पुरेसं होतं. पहिल्याच आठवड्यात सोमवारची यादी समोर आली असती. चार महिने गप्प राहून स्वतः नोंदी दुरुस्त करणं त्याला सौजन्य वाटलं. तिच्या दृष्टीने, तो तिच्या मागे तिचा हिशोब लिहीत होता.

आमच्या बाजूचं जास्त आहे. त्याला बढतीचं पत्र दिलं, अप्रेझलचा फॉर्म कसा भरायचा याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलं. कालच्या सहकाऱ्याशी उद्या कसं बोलायचं, याबद्दल एक शब्द नाही. त्याचं जुनं काम कोणाकडे जाणार, याची यादीही कोणी मागितली नाही. पुढे आम्ही ती सक्तीची केली. डेस्कवरून बढती घेणाऱ्याने आपली सगळी कामं, न लिहिलेलीसुद्धा, नव्या माणसाच्या नावासह लिहून द्यायची.

आणि तो एक ओळीचा ईमेल. सगळं शांत झाल्यावर मी तिच्या अर्जाची फाइल काढली. निवड समितीने तिच्या नावापुढे कारण म्हणून दोन ओळी लिहिल्या होत्या: कामं वाटून देत नाही, स्वतःच्या अंगावर घेते. सहकाऱ्यांना वेळीच मदत मागत नाही. त्या ओळी कोणी तिला सांगितल्याच नव्हत्या. त्या फाइलमध्ये मिटून पडल्या होत्या तेव्हाच डेस्कवर ती सोमवारची यादी एकटीच्या अंगावर घेत होती.

मी विभागप्रमुखांना म्हटलं, हे तिला तुम्ही सांगायला हवं. ते दोनदा हो म्हणाले आणि राहून गेलं. शेवटी ती बदलून जायच्या आधीच्या आठवड्यात मीच तिच्यासमोर बसले. इतके दिवस हे तुमच्यापर्यंत पोचलं नाही, ही आमच्या विभागाची चूक आहे, असं आधी सांगितलं आणि कागद पुढे केला. तिने तो दोनदा वाचला. "सोमवारची यादी," असं पुटपुटली. मग वही काढून त्या दोन ओळी तारखेसह उतरवून घेतल्या.

वही मिटण्याआधी तिने विचारलं, "कोणी लिहिलं ते नको मला. पण हे कोणत्या कामावरून लिहिलं, तेवढं कळेल का?"

मी कागद उलटून पाहिला. त्यावर एकही प्रसंग लिहिलेला नव्हता.